मायकेल कॅरिक : एक उशिराचे रसग्रहण

भवभूतीस त्याच्या हयातीत निंदक पुष्कळ भेटले असावेत. 'मालतीमाधवा'च्या प्रारंभी त्याने त्यांची जी संभावना केली आहे, ती संस्कृत शिकलेल्या बहुतेकांस ठाऊक असते. आपला समानधर्मा आज नाही तरी केव्हा तरी जन्मास येईल, या भरवशावर तो कवी निंदा सोसावयास तयार होता. तेव्हापासून उपेक्षित ग्रंथकार या भरवशाचा आधार घेत आले आहेत, आणि तो अगदीच खोटा नाही. ग्रंथ टिकतो, वाचक मागाहून आला तरी चालते. परंतु ज्याची कला त्याच्या देहाबरोबरच म्हातारी होते त्याने काय करावे? नटाची आणि गवयाची हीच अडचण होती. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट आल्यापासून ती काहीशी कमी झाली. फुटबॉलच्या खेळाडूची मात्र यंत्रांनीही अर्धवटच सुटका केली आहे. त्याचे गोल मुद्रित होऊन राहतात, पण जो गोल करीत नाही त्याचे काय राहते? पस्तिशीच्या सुमारास पाय थकतात, आणि समानधर्मा तोपर्यंत आला नाही तर पुढे तो येऊन न येऊन सारखाच.

इंग्लंडच्या मायकेल कॅरिकचा समानधर्मा गाडी सुटता सुटता आला. साहित्याच्या मासिकात या खेळाडूस जागा कशाला, असे कोणास वाटल्यास माझे इतकेच म्हणणे आहे की मी येथे खेळाची हकीकत सांगावयास बसलेलो नाही. एका गुणाकडे हजारो लोक वर्षानुवर्षे पाहत होते. तो त्यांच्या डोळ्यांसमोर होता, लपलेला नव्हता. तरी तो दिसला नाही, आणि मग हळूहळू दिसू लागला. हे कसे घडते, हा प्रश्न टीकाशास्त्राचाच आहे.

ज्यांस या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. कॅरिकचा जन्म 1981 चा, न्यूकॅसलजवळच्या वॉल्सेंड गावचा. लंडनच्या वेस्ट हॅम संघात तो वाढला, 2004 साली टॉटनहॅमकडे गेला, आणि 2006 च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने त्यास घेतले. तेथे तो बारा वर्षे राहिला. 464 सामने, 24 गोल. पाच वेळा इंग्लंडची लीग, आणि 2008 साली मॉस्को येथे युरोपचा चषक. ही यादी वाचून कोणी म्हणेल, या गृहस्थास उपेक्षित कसे म्हणावयाचे? आक्षेप रास्त आहे. पदके त्याच्या घरी भरपूर आहेत. पण पदके संघास मिळतात, आणि संघाच्या यशात एखाद्याचा वाटा किती हे ठरविण्याचे काम पाहणाऱ्याकडे येते. ते काम पाहणाऱ्यांनी बराच काळ नीट केले नाही.

त्या पाहणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा माझी कबुली प्रथम देतो. त्या वर्षांत मी कोल्हापुरात एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे अर्धे गाव तिकडे लोटते. अशा गावातल्या वसतिगृहात शनिवारी रात्री दूरचित्रवाणीसमोर मुलांचा घोळका जमणे ओघानेच आले, आणि त्यांना झोपावयास पाठविण्यासाठी गेलेला रेक्टर पुष्कळदा तेथेच खुर्ची ओढून बसे. मुलांचे दैवत रोनाल्डो. काहींचे रूनी. मला स्वतःला स्कोल्स आवडे. कॅरिक मला आळशी वाटे. तो धावे, पण जीव तोडून धावताना क्वचितच दिसे. प्रतिपक्षाच्या पायात पाय घालून चेंडू हिसकावून घेणे हे तर त्याच्या स्वभावातच नव्हते. चेंडू आला की शेजारच्याकडे ढकलावा आणि पुन्हा चालू लागावे. "हा गृहस्थ फिरावयास आला आहे काय?" असे मी एका रात्री मोठ्याने म्हणालो. मुले हसली. एक मात्र हसला नाही. तो स्वतः एका तालमीच्या संघातून मधल्या फळीत खेळत असे. तो म्हणाला, "सर, पाच मिनिटं चेंडू बघूच नका. फक्त सोळा नंबर बघा."

मी तसे केले. सांगावयास सोपे, करावयास अत्यंत कठीण असा हा प्रयोग आहे. नजर आपोआप चेंडूकडे ओढली जाते. शिवाय दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूचा गुलाम असल्यामुळे दोन वेळा सोळा नंबर चित्राबाहेरच गेला. पण जेवढे दिसले तेवढ्याने माझे मत डळमळले. चेंडू त्याच्याकडे येण्यापूर्वी तो मान वळवून मागे पाही, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. चेंडू येताना तो सरळ उभा नसे. अर्धा वळलेला असे, म्हणजे पहिल्याच स्पर्शाला तोंड प्रतिपक्षाच्या गोलाकडे व्हावे. आणि चेंडू प्रतिपक्षाकडे असता तो ज्याच्या अंगावर धावून जावे असे मला वाटे त्याच्याकडे न जाता दोन-चार पावले बाजूस सरके. ही दोन-चार पावले मला आळसाची खूण वाटली होती. वस्तुतः त्या पावलांमुळे प्रतिपक्षाच्या आघाडीच्या खेळाडूकडे जाणारी वाट बंद होई. पास देऊ पाहणारा क्षणभर थबके आणि चेंडू मागे वळवी. झाले काय? काहीच नाही. कॅरिकचे निम्मे कार्य हे अशा न घडलेल्या गोष्टींचे होते, आणि न घडलेल्या गोष्टीस टाळी कोण देणार?

उरलेले निम्मे कार्य घडलेल्या गोष्टींचे होते, परंतु त्या दोन पावले आधी घडत. गोल करणारा एक, त्यास चेंडू देणारा दुसरा. या दोघांची नावे कागदावर येतात. त्या दुसऱ्यास प्रतिपक्षाच्या दोन फळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत चेंडू पोहोचविणारा जो तिसरा, त्याचे नाव येत नाही. कॅरिक बहुधा हा तिसरा असे. त्याचा पास जोराचा आणि जमिनीलगतचा असे, आणि तो सहकाऱ्याच्या ज्या पायाला हवा त्याच पायाला जाई. त्यामुळे घेणाऱ्याचे अर्धे काम आधीच झालेले असे. घेणारा चपळ दिसे, देणारा दिसतच नसे.

क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चे'त काव्याचे जीवित म्हणून औचित्याची प्रतिष्ठापना केली. कमरेचा दागिना गळ्यात घातला तर तो सोन्याचा असूनही हसे व्हावयाचे, हे त्याचे प्रतिपादन विद्यार्थ्यांस शिकविताना मला नेहमी एक अडचण येई. अनौचित्याची उदाहरणे चटकन सापडतात आणि वर्ग हसतो, औचित्याचे उदाहरण दाखवावयास जावे तर वर्ग विचारतो, "यात विशेष काय?" यातले विशेष हेच की विशेष काही वाटू नये. अलंकार नजरेत भरतो. औचित्य भरत नाही, ते सगळ्या रचनेत मुरलेले असते. कॅरिकचा खेळ औचित्याचा होता. चेंडू केव्हा सोडावा, केव्हा पायाखाली एक क्षण अधिक ठेवावा, केव्हा आडवा द्यावा आणि केव्हा उभा, याचा निर्णय हाच त्याचा गुण. प्रेक्षक अलंकार शोधीत होते आणि तो सापडेना, म्हणून दरिद्री ठरवून मोकळे झाले.

संगीताचे प्रेमी अशा खेळाडूस तंबोऱ्याची उपमा देतात. मलाही ती प्रथम सुचली होती, पण ती चुकीची आहे. तंबोरा निवड करीत नाही. एकदा जुळवला की तो सूर धरून राहतो. कॅरिक प्रत्येक सामन्यात शेकडो वेळा निवड करीत होता, आणि त्यांतली एखादी चुकली तर काय होते हे पुढे रोममध्ये दिसले.

प्रेक्षकांचा दोष सर्वस्वी त्यांचाच होता असेही नाही. कॅरिक ज्या जागी आला तिची परिस्थिती विचित्र होती. 2005 च्या नोव्हेंबरात रॉय कीनने युनायटेड सोडले. कीनच्या खेळात क्रोध होता, हुकूम होता. हरणाऱ्या संघास तो मानगूट धरून जिंकावयास लावी. त्याच सोळा क्रमांकाचा सदरा पुढच्याच उन्हाळ्यात या शांत तरुणाच्या अंगावर चढविण्यात आला. म्हणजे एखाद्या नाटक मंडळीत गणपतरावांच्या भूमिकेत बोडसांच्या पोटचा कोणी विनोदी नट उभा करावा तसे झाले. प्रेक्षक तोच आवेश शोधीत राहिले. 2003 नंतर तीन हंगाम युनायटेडला लीग मिळाली नव्हती. कॅरिक आला त्या हंगामात ती मिळाली, आणि त्याच्या पुढच्या दोन हंगामांतही मिळाली. परंतु कारणे सांगताना लोकांनी रोनाल्डोचे नाव घेतले, रूनीचे घेतले, बचावफळीचे घेतले. ही नावे चूक नव्हती, अपुरी होती. 2007 च्या एप्रिलात रोमाविरुद्ध 7–1 असा जो प्रसिद्ध विजय झाला, त्यात पहिला गोल कॅरिकचा होता आणि पुढे त्याने आणखी एक केला. त्या रात्री तो सर्वांस आवडला. म्हणजे जे काम त्याचे नव्हते ते त्याने केले तेव्हाच त्याची वाहवा झाली!

दुसरे कारण इंग्लिश अभिरुचीचे. तेथील प्रेक्षकास मधल्या फळीतला खेळाडू मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारा हवा असतो. चिखलात लोळून उठलेला, गोलही करणारा. जेरार्ड आणि लॅम्पार्ड हे त्या आदर्शाचे पुतळे. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून जेरार्ड 114 सामने खेळला, लॅम्पार्ड 106, आणि कॅरिक 34. हे 34 सामने 2001 ते 2015 अशा चौदा वर्षांत विखुरलेले आहेत. 2006 च्या विश्वचषकात इक्वाडोरविरुद्धच्या सामन्यात तो खेळला. इंग्लंड 1–0 असे जिंकले. पोर्तुगालविरुद्धच्या पुढल्या सामन्यात तो बाहेर बसला. त्याच्या जागेवर आलेला हारग्रीव्ह्ज त्या दिवशी उत्तम खेळला, तेव्हा त्या एका निवडीस मी दोष देणार नाही. पण 2010 साली तो दक्षिण आफ्रिकेत जाऊन एकही सामना न खेळता परत आला, 2012 च्या युरोपीय स्पर्धेस आणि 2014 च्या विश्वचषकास तो संघातच नव्हता. एका पिढीभर इंग्लंडचा संघ चेंडू पायाशी ठेवू शकत नाही म्हणून हळहळत राहिला, आणि चेंडू ठेवणारा माणूस घरी होता. यास दुर्दैव म्हणणे मला बरे वाटत नाही. हा अभिरुचीचा दोष होता.

मग मत पालटले कसे? कॅरिक सुधारला म्हणून, असे म्हणणारे आहेत. थोडा सुधारला असेलही. वयाबरोबर जाण वाढते. पण मुख्य बदल पाहणाऱ्यांत झाला, आणि तो बाहेरून आला. स्पेनने 2008 ची युरोपीय स्पर्धा, 2010 चा विश्वचषक आणि पुन्हा 2012 ची युरोपीय स्पर्धा जिंकली. बार्सेलोनाच्या संघाने युनायटेडला 2009 आणि 2011 अशा दोन अंतिम सामन्यांत हरविले. झावी, इनिएस्टा आणि विशेषतः बुस्केट्स यांचा खेळ पाहून इंग्रज प्रेक्षकास प्रथमच कळले की लहान पास हा भित्रेपणा नव्हे, आणि उभे राहणे हाही खेळ असू शकतो. नवी वाङ्मयीन चळवळ आली की मागच्या पिढीतला एखादा कवी एकाएकी मोठा दिसू लागतो. त्याच्या ओळी त्याच असतात, पण त्या वाचण्याची रीत नव्याने हाती आलेली असते. कॅरिकचे तसेच झाले. फरक इतकाच की हा कवी अजून खेळत होता, आणि त्याचे वय तीस उलटले होते.

आकडेमोडीनेही मदत केली. कोणी किती पास दिले, किती अडविले, किती पुढे दिले याचे हिशेब प्रसिद्ध होऊ लागले, आणि 'हा आडवेच पास देतो' या लोकप्रिय आरोपाचा पाया ढासळू लागला. साहित्यात आकड्यांचा मला तिटकारा आहे, तथापि येथे त्यांचे उपकार मान्य केले पाहिजेत. डोळ्यांस सवयीने जे दिसत नव्हते ते कागदावर दिसले. मात्र आकडे फक्त झालेल्या पासांचेच असतात, प्रतिपक्षाने न दिलेल्या पासांचे नसतात. ती दोन-चार पावले अद्याप हिशेबाबाहेरच आहेत.

2012–13 चा हंगाम हा या कथेचा मध्यान्ह. युनायटेडच्या खेळाडूंनी आपल्यांतला वर्षातला उत्तम खेळाडू म्हणून कॅरिकची निवड केली. त्या वर्षी संघात व्हॅन पर्सी गोलांचा पाऊस पाडीत होता हे लक्षात घ्यावे. प्रतिस्पर्धी आर्सेनलचे व्हेंगर यांनी तर वर्षाचा खेळाडू कॅरिकच ठरावा असे जाहीरपणे म्हटले. पुढे ग्वार्डिओलानेही आपण पाहिलेल्या या जागेवरच्या उत्कृष्ट खेळाडूंत त्याची गणना केली. सहकारी, प्रतिस्पर्धी, प्रशिक्षक. क्रम पाहण्यासारखा आहे. प्रेक्षक शेवटी आले. रसिकतेचा प्रवाह असाच वाहतो: प्रथम कारागिरांस कळते, मग समीक्षकांस, मग लोकांस. कोल्हापूरच्या तालमीतून खेळणाऱ्या त्या मुलास जे 2007–08 च्या सुमारास कळले होते ते त्याच्या रेक्टरांस कळावयास वेळ लागला, याचेही कारण हेच. तो स्वतः त्या जागेवर उभा राहिलेला होता.

पण उशिरा आलेली स्तुती ही बरोबर स्तुती असतेच असे नाही, आणि मला खरे सांगावयाचे आहे ते येथून पुढे. कॅरिकच्या गौरवार्थ प्रेक्षकांनी एक गाणे रचले. ते वर्षानुवर्षे मैदानावर म्हटले जाई. त्याचा सारा चमत्कार एवढाच की हा खेळाडू स्कोल्स नव्हे यावर विश्वास बसू नये. मोठ्या प्रेमाने म्हटलेल्या या गाण्यात ज्याची स्तुती आहे तो त्याच्या स्वतःच्या गुणाने हजर नाही! दुसऱ्याच्या नावाने का होईना, त्यास आत घेतले, इतकेच. स्कोल्सचा पास लांबून झेपावत येई आणि मैदानभर टाळ्या उठत. कॅरिकचा पास तसा नव्हता, आणि तो तसा असावा अशी अपेक्षा धरणे म्हणजेच त्यास न पाहणे होय. एका नव्या कवीस 'अगदी केशवसुतांसारखा' म्हणून गौरवणारे परीक्षण आपण पुष्कळदा वाचतो. ते परीक्षण केशवसुतांविषयी थोडे सांगते, नव्या कवीविषयी काहीच नाही.

याहून वाईट प्रकार नंतर झाला. ज्यांस कॅरिक कळला त्यांनी त्याचा सोटा केला. जेरार्ड उथळ, लॅम्पार्ड केवळ गोलांचा भुकेला, धावणारे सारे अडाणी, आणि कॅरिक समजतो तोच जाणकार, अशी एक फॅशन निघाली. साधेपणा हाच मोठेपणा, असा तिचा सिद्धांत. हा क्षेमेंद्राचा विपर्यास आहे. अलंकार नसणे म्हणजे औचित्य नव्हे. निरलंकार रचना बव्हंशी नुसती नीरस असते. आणि मधल्या फळीत चेंडू आडवा ढकलणारे पन्नास खेळाडू मी पाहिले आहेत, त्यांतला एकही कॅरिक नव्हता. उलट जेरार्डचा अलंकार त्याच्या जागी योग्यच होता. एकास न्याय देण्यासाठी दुसऱ्यावर अन्याय करावा लागत असेल, तर पहिल्याचा गुण अजून हाती लागलेला नाही असे समजावे.

आणि कॅरिकला दोषही होते. तो वेगवान नव्हता. प्रतिपक्षाने त्यास मान वळवून पाहण्याइतका अवसर दिला नाही, अंगाला अंग लावून खेळ केला, म्हणजे त्याचा खेळ आक्रसे. आणि त्या वेळी कीनसारखा सामना खेचून आणण्याचे बळ त्याच्यापाशी नसे. 28 मे 2011 रोजी वेम्बलीवर बार्सेलोनाने युनायटेडचा 3–1 असा पराभव केला त्या सामन्यात तो आणि उतारवयातला गिग्ज दोघेच मधली फळी सांभाळीत होते, आणि त्यांच्याभोवती चेंडू असा फिरत होता की पाहवेना. त्याच्या नव्या भक्तांस हा सामना आठवत नाही. माझ्या मते तो आठवणे आवश्यक आहे. दोष वजा करून केलेली स्तुती ही मृताविषयीच्या भाषणासारखी असते.

27 मे 2009 चा रोममधला अंतिम सामना तर त्यास स्वतःलाच विसरता आला नाही. 2018 साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'बिट्वीन द लाइन्स', ओळींच्या मध्ये. मैदानातल्या फळ्यांच्या मध्ये चेंडू घालणाऱ्यास आणि न लिहिलेले वाचावयास सांगणाऱ्यास, दोघांसही शोभणारे. त्यात आणि त्या वेळच्या मुलाखतीत त्याने सांगितले की दहाव्या मिनिटाला एटोने जो पहिला गोल केला त्यास आपली चूक कारण झाली असे त्याने मनाशी धरले. तो सामना 2–0 असा गेला. त्यानंतर सुमारे दोन वर्षे तो खिन्नतेच्या आजारात होता. 2010 च्या विश्वचषकाकरिता दक्षिण आफ्रिकेत असताना त्यास घरी परत जावेसे वाटत होते. बरोबर खेळणाऱ्यांनाही यातले काही ठाऊक नव्हते.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. त्या दोन वर्षांत आम्ही वसतिगृहात काय म्हणत होतो ते मला आठवले. कॅरिकचा खेळ उतरला आहे, त्याची गरज संपली आहे, त्यास विकून टाकावे, इत्यादी. त्या रोमच्या चुकीबद्दल मात्र कोणी बोलल्याचे मला स्मरत नाही. कारण ती आम्ही पाहिलीच नव्हती! ज्या प्रेक्षकास त्याचा गुण दिसत नव्हता त्यास त्याचा दोषही दिसला नव्हता. दोन्ही एकाच जागी घडत होते, चेंडू गोलापाशी पोहोचण्याच्या कितीतरी आधी. आम्ही त्याची स्तुती केली नाही ती अजाणतेपणी, आणि निंदा केली तीही भलत्याच गोष्टीची. त्या मैदानावर आपली चूक नेमकी कोणती हे जाणणारा तो बहुधा एकटाच होता, आणि त्याविषयी बोलावयास त्यास कोणी नव्हते. टीकाकाराकडून कलावंतास स्तुतीपेक्षा अचूकपणाची गरज अधिक असते, हे मी वर्गात तीस वर्षे सांगत आलो; ते मला या खेळाडूने समजावून दिले.

त्याच्या शेवटच्या वर्षांविषयी फार लिहावयाचे नाही. 2017 च्या जूनमध्ये त्याच्या गौरवाचा सामना ओल्ड ट्रॅफर्डवर झाला, मैदान प्रेमाने भरले होते, आणि त्याने लांबून एक गोलही केला. त्याच वर्षी सप्टेंबरात एका सामन्यात त्यास अस्वस्थ वाटू लागले. हृदयाच्या ठोक्यांत अनियमितपणा आढळला, उपचार झाले, आणि खेळ जवळजवळ संपला.

अखेरचा सामना 13 मे 2018 रोजी वॉटफर्डविरुद्ध होता. कॅरिक कर्णधार म्हणून उतरला. तो वसतिगृहातला मुलगा आता पुण्यास नोकरी करतो. सामना सुरू होण्यापूर्वी त्याने दूरध्वनी करून मला आठवण दिली होती, म्हणून मी घरी एकटाच पाहत बसलो. पूर्वार्धात एकच गोल झाला. रॅशफर्डने चेंडू आत ढकलला, माटाने त्यास तो आडवा दिला होता, आणि मी टाळी वाजविली. मग तेच दृश्य पुन्हा मागून दाखविले. मधल्या रेषेच्या आसपास कॅरिक उभा, मान एकदा वर झाली, आणि चेंडू सगळ्या बचावफळीच्या डोक्यावरून माटाच्या पुढ्यात उतरला.

सामना 1–0 असा संपला. पाच-सहा मिनिटे उरली असता कॅरिकला बाहेर बोलाविले तेव्हा सारे मैदान उभे राहिले. थोड्या वेळाने पुण्याहून दूरध्वनी आला. "सर, पास बघितलात?" मी म्हणालो, "बघितला रे, पण दुसऱ्यांदा दाखवला तेव्हा." तो हसला. सकाळी वर्तमानपत्रात गोल रॅशफर्डच्या नावावर होता आणि साहाय्य माटाच्या.